सड्यावरचा मस्कती

गिरगाव, मुंबई
ता. १८ ऑक्टोबर १९५७

आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवलं असं समज आणि पुढे वाच. मी बरा आहे. खोलीतले गाववाले घोरतात, ते सोडून बाकी सगळं बरं आहे.

आता कामाचं. काल कचेरीत माझी फजिती झाली. आमचे साहेब पाखरांचे मोठे जाणकार. ते कुणाला तरी सांगत होते, अमुक एक पाखरू बोडक्या डोंगरांचं आणि वाळवंटातल्या धोंड्यांचं, ते ओल्या कोकणात कुठून येणार. मी फायली उचलत होतो. तोंडातून निघून गेलं, "साहेब, आमच्या सड्यावर येतं." सगळे वळून बघायला लागले. मग सांगावंच लागलं. आमचे बाबा गलबतावर तांडेल होते, मस्कतच्या डोंगरात त्यांनी ते पाखरू पाहिलं होतं, आणि दर हिवाळ्यात तसंच एक आमच्या डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्याच्या कातळावर उभं असायचं म्हणून त्यांनी त्याचं नाव मस्कती ठेवलं. वाळूचा रंग, काळा गळा, उडालं की कमरेवर पांढरं. दगडावरून उतरणार, मुंगी टिपणार, पुन्हा दगडावर. एक जण म्हणाला, "गुरुदासच्या गावात उंट पण येत असतील." सगळे हसले.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "आणून दाखव."

आक्का, मी तीन वर्षं इथे हंगामी आहे. आज ठेवतील, उद्या काढतील. साहेबांच्या एका शब्दावर मी कायम होईन. दिवाळी सरली की मस्कती येईल. बाबांनी आपल्याला फासकी लावायला शिकवली आहे, तू माझ्याहून चांगली लावायचीस. जिवंत पकड, पीस मोडता नये. आगबोटीवर आपला गंगाराम आहे, तो टोपली आणून देईल. साहेबांना नुसतं बघायचं आहे.

तुझा,
गुरू

---

आंबेवीर, तालुका मालवण
ता. १२ नोव्हेंबर १९५७

चि. गुरू,

आशीर्वाद नेहमीचेच, ते घरबसल्या मिळतात म्हणून तुला किंमत नाही.

तुझा मस्कती आला. परवा सड्यावर गोवऱ्या आणायला गेले तर त्याच कातळावर उभा, जसा काही बाबांना विचारायला आला आहे की तांडेल कुठे गेले. बाबा आजारी असताना शेवटच्या वर्षीही मला रोज विचारायचे, "इलो काय गो?" आला म्हटलं की त्यांना जेवण जायचं. अशा पाखराला फासकी लावायची म्हणजे मला बरं वाटेना. दोन दिवस नुसती बघून परत आले.

पण तुला तिथे कुणी हसलं, हे वाचून माझंही डोकं फिरलं होतं. शेवटी वाळवीचं ढेकूळ ठेवलं आणि केसाची फासकी लावली. आला. हातात घेतला तर छातीत नुसती धडधड. डाव्या पायाला बाबांच्या जाळ्याचा दोरा बांधला, त्यांच्याच गाठीनं, आणि माजघरात डालग्याखाली ठेवला आहे. डालग्यावर चिरा ठेवलाय, नाहीतर मांजर उलथून टाकेल. वाळवी खातो. पाणी पितो का ते कळत नाही.

साहेबांनी बघितलं की सोडणार ना रे? मुंबईत सोडलं तर त्याला वाट सापडेल का, तेही विचार. मला वाटतं मस्कत सापडतं त्याला मुंबई काय कठीण.

दुसरी बातमी, यंदा गावपळण ठरली. रवळनाथाचा कौल झाला. मार्गशीर्षात तीन दिवस अख्खा गाव रिकामा, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळं घेऊन व्हाळाच्या पाण्यापलीकडे माडाच्या झावळांचे झाप बांधून राहायचं. माझा झाप काशीबायच्या शेजारी येणार असं दिसतं. म्हणजे तीन दिवस तिचं तोंड बघा. तिच्या शेळीनं माझा शेंगांनी भरलेला अळसाणा खाल्ला त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून आमचा अबोला आहे, आणि तो दोघींनी नीट पाळला आहे. त्या बाईचा दगडी गडगा माझ्या ओसरीला लागून, पण नजर वळत नाही.

गंगाराम गावपळणीनंतरच्या बोटीला येईल. तेव्हा टोपली देते.

आनंदी

---

मुंबई
ता. २४ नोव्हेंबर १९५७

आक्का,

तुझ्या हाताला सोन्याचं कडं घालायला हवं. साहेबांना सांगितलं. त्यांनी मला प्रथमच खुर्चीवर बसायला सांगितलं.

एकच विनंती. गावात कुणाला कळू देऊ नको. मी कारकून आहे असं सगळ्यांना माहीत आहे. कारकुनाला पाखरू कशाला लागतं, असं परशुराम गावकरानं विचारलं तर तू काय सांगणार? मुंबईतल्या खोलीत बातमी आली तर मला जगू देणार नाहीत. डालगं झाकून ठेव. गावपळणीत न्यायची वेळ आली तर लुगड्याखालून ने, पण दिसता नये.

सोडायचं कसं ते साहेब बघतील. तू त्याची काळजी करू नको.

गुरू

---

आंबेवीर
ता. १० डिसेंबर १९५७

चि. गुरू,

गंगाराम रिकाम्या हातानं येईल. पाखरू सुटलं. दोरा कच्चा असेल.

गावपळण धड झाली नाही. दोन दिवस जास्त राहावं लागलं. माझं अंग मोडून आलं आहे, जास्त लिहीत नाही.

आनंदी

---

मुंबई
ता. २० डिसेंबर १९५७

आक्का,

तुझं कार्ड तीनदा वाचलं. दोरा कच्चा असेल. बाबांच्या जाळ्याचा दोरा, ज्याला सुरमई ओढून तोडू शकत नव्हती, तो चिमणीएवढ्या पाखरानं तोडला. एक पाखरू सांभाळता येत नव्हतं तर तसं लिहायचं होतंस.

साहेबांनी खुर्ची पुन्हा उचलून कोपऱ्यात ठेवली. इतर म्हणतात, गुरुदासचा उंट पळाला. बोट लागायची त्या दिवशी मी कापूस पिंजून, तार कापून, साबण लावून सगळी तयारी करून बसलो होतो.

गावपळण का बिघडली ते तू लिहिलं नाहीस, पण खोलीत बातमी आली. काशीबाय म्हणे दुसऱ्या रात्रीनंतर पहाटे व्हाळ ओलांडून गावातून येताना सापडली, आणि विचारलं तर म्हणाली, अडकित्ता विसरले होते तो आणायला गेले. आणि हातात अडकित्ताही नाही. सुपारीसाठी देवाचा नेम मोडला. आम्ही खोलीत पोट धरून हसलो. रघू तर तिची नक्कल करून दाखवतो. तिला वाळीत टाकलं तेही बरं झालं, तुझ्या अळसाण्याचा सूड उगवला.

गुरू

---

आंबेवीर
ता. ६ जानेवारी १९५८

गुरू,

कापूस आणि तार कशाला रे?

मी हा प्रश्न आठ दिवस मनात धरून आहे. पहिल्यांदा वाटलं पिंजऱ्याला मऊ लागत असेल. मग तार आठवली. साहेबांना नुसतं बघायचं होतं असं तू लिहिलंस. मेलेलं बघायचं होतं असं लिहिलं नाहीस. मी धाकट्या भावाला खोटं बोलताना पकडलं नाही, इतकी मी अडाणी.

पण तुला बोलायला मला तोंड नाही. मीही तुला खोटं लिहिलं. आता खरं लिहिते, आणि हे लिहिताना माझे कान तापले आहेत.

गाव सोडायच्या दिवशी नगारा वाजला. शेळी बाहेर काढली, कोंबड्या खुराड्यासकट डोक्यावर घेतल्या. पाखराला टोपलीत घालून पदराखाली न्यायचं असं ठरवलं होतं. पण पाणंदीला दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती, परशुराम गावकर तर माझ्या दारातच उभा, "चल गो आनंदी, सगळां घेतलंस मां?" मी म्हटलं, "घेतलंय." तुझं कारकुनीचं नाव डोळ्यांपुढे आलं. झापात काय लपतं? एकाला दिसलं की शंभर जणांना दिसतं. मी मनाला समजावलं की गावातला जीव मागे ठेवायचा नाही असा नेम आहे, आणि हा काही गावातला नाही, हा मस्कतचा. नेम त्याला लागत नाही. मला त्या वेळी हे फार शहाणपणाचं वाटलं. करवंटीत पाणी ठेवलं, वाळवी ठेवली, डालगं पालथं घातलं, वर चिरा ठेवला आणि निघाले.

झापात झोप आली नाही. तरी मी उठले नाही.

मग तिसऱ्या दिवशी पहाटे काशीबाय सापडली. गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलेलं, थंडीनं दात वाजत होते. सगळ्यांनी गराडा घातला. "अडकित्तो आणूक गेललंय," म्हणाली. "मगे खंय आसा?" "गावलो नाय." माणसं हसली, मग चिडली. कौल लावला, देवानं नाराजीचा डावा दिला, दोन दिवस जास्त राहायला लागलं. गुरांचा चारा संपला, पोरं खोकायला लागली. जो तो तिला बोलून जात होता. मीही बोलले, गुरू. चार वर्षांच्या अबोल्यानंतर मी तिच्याविषयी तोंड उघडलं ते हे, की "जिभेचे चोचले असे, देव पण दिसणा नाय." सगळ्यांना ते आवडलं. तुमच्या खोलीत रघू जी नक्कल करतो त्यात हे वाक्य आहे का, ते मला सांगू नको.

घरी आले. चिरा भिंतीकडे नीट टेकवून ठेवलेला. डालगं सरळ उभं. करवंटीत ताजं पाणी. दोरा कापलेला, अर्धा खांबाला. आणि उंबऱ्यावर काशीबायचा अडकित्ता. पितळी मुठीचा, पोपटाच्या तोंडाचा, साऱ्या वाडीला माहीत असलेला.

मी तो उचलला आणि भाताच्या कणगीत खाली खुपसला. कुणी बघायच्या आत. हे काम मात्र मी पटकन केलं.

निवाडा असा झाला आहे, की पुढच्या गावपळणीपर्यंत तिची ओटी देवाला चालायची नाही, तिच्या दारात कुणी जायचं नाही, विहिरीवर तिनं सगळ्यांच्या मागून यायचं. गावपळण आता तीन वर्षांनी. ती साठीला आली आहे.

मी देवळात जाऊन सांगणार आहे. तू हो म्हण, म्हणजे मला बळ येईल.

आनंदी

---

मुंबई
ता. १५ जानेवारी १९५८

आक्का,

हो म्हणत नाही. रागावू नको, आधी ऐक.

मी कारकून नाही. फायली उचलतो ते खरं, पण मुख्य काम आतल्या खोलीत. संग्रहासाठी मारलेली पाखरं येतात, त्यांची कातडी सोलायची, आतलं काढायचं, साबण चोळायचा, कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. साहेब म्हणतात माझा हात हलका आहे. पण गावात हे कळलं तर? बाबा तांडेल आणि पोरगा पाखरं सोलतो. मला कोण दारात उभं करील. तू देवळात उभी राहिलीस की पहिला प्रश्न येणार, पाखरू कुणासाठी.

मी कायम होईपर्यंत थांब. मग मी स्वतः येऊन सांगेन, तुझी शपथ.

आणि काशीबायचं म्हणशील तर तिला मागे-पुढे कोण आहे? नवरा नाही, मूल नाही. तिच्या दारात एरवीही कोण जात होतं. तिला इतकं लागायचं नाही.

तू रडत असशील तर पुरे कर.

गुरू

---

आंबेवीर
ता. ९ मार्च १९५८

गुरू,

तुझं पत्र मी चुलीत घातलं. "तिला इतकं लागायचं नाही" हे वाक्य मात्र जळेना.

मी देवळात गेले नाही. तुझ्यासाठी गेले नाही असं मी दोन महिने म्हणत राहिले. खरं तर मलाच लाज वाटत होती. तुझ्या शपथेआड बसायला मला जागा मिळाली, एवढंच.

विहिरीवर ती कशी येते ते तुला सांगते. सगळ्या बायका गेल्या की. ऊन चढलेलं असतं. मी मुद्दाम उशिरा थांबले एक दिवस, म्हटलं तिला पाणी काढून द्यावं. ती आली, मला बघितलं, आणि रिकामी कळशी घेऊन तशीच परत गेली. नेम म्हणजे नेम. ती पाळते.

शेवटी मी अडकित्ता पदराखाली घेऊन तिच्या दारात गेले. जायला बंदी आहे, म्हणून गडग्यावरून गेले, चोरासारखी. ती ओसरीवर बसली होती. मी अडकित्ता पुढे ठेवला. तिनं उचलला, उघडला, मिटला.

"गंज चडलो गो," म्हणाली.

मी म्हटलं, "भातात होतो."

"भातात ठेवतत खंय लोखंड?"

मी विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, "तुझ्या माजघरातसून आवाज येय. झापात बघलंय तर शेळी आसा, कोंबड्यो आसत, आणि तां नाय. तू परतान जातलंस म्हणान दोन दिस वाट बघलंय. तू काय उठलंस नाय. मगे मी गेलंय."

"पण कित्याक?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी काही तरी वेडगळ विचारल्यासारखं. "गाव रिकामो करतत तो देवाक फिरूक. देव घराघरात येतलो, आणि तुझ्या घरात एक जीव पायाक दोरी बांधून कोंडललो बघतलो. तुझ्या बापाशीचा पाखरू तां. माका लज दिसली."

गुरू, लाज तिला वाटली. माझ्या वतीनं. मी झापात गोधडीत पाय गुंडाळून पडले होते तेव्हा.

मी विचारलं, "मगे सगळ्यांपुढे सांगलंस कित्याक नाय?"

"आपलो अबोलो नाय काय?" ती म्हणाली. "तुझा नाव मी घेवचा कसा?"

दोरा गाठीशी सुटेना म्हणून तिनं अडकित्त्यानं कापला, टीचभर पायालाच राहिला आहे. पाखरू त्यानंतर सड्यावर कमीच असतं. तिच्याच गडग्याच्या कोपऱ्यावर येऊन बसतं, पायात दोरा घेऊन. मी माझ्या ओसरीवरून रोज बघते. आता ऊन वाढलं, चार दिवस दिसलं नाही. गेलं असेल त्याच्या मुलखाला.

तिनं मला चहा दिला. मी प्यायले. बाहेर येताना गडग्यावरून वाकून बघितलं, कुणी बघत नाही ना.

आनंदी

---

मुंबई
ता. २५ नोव्हेंबर १९५८

आक्का,

फार महिने पत्र नाही. मी पाठवलेली दोन कार्डं पोचली असतील, उत्तर नाही. समजलो.

अजून हंगामीच आहे. साहेबांनी परवा पुन्हा सड्याचं विचारलं. मी वाट सांगितली. तुला काही करायला सांगत नाही. त्यांची माणसं कदाचित तिकडे येतील, आली तर त्यांना चहा कर, एवढंच. त्यांना बघायचं आहे.

गुरू

---

आंबेवीर
ता. २२ डिसेंबर १९५८

चि. गुरू,

आज मला लिहायला हौस आली आहे. मी बोलले.

जत्रेला सगळा गाव देवळात. परशुराम गावकर गाऱ्हाणं घालत होता. ज्याचं जे चुकलं असेल ते पोटात घाल, असं त्यानं देवाला म्हटलं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" केलं. काशीबाय बाहेर पिंपळाच्या पारावर, ओटीचं ताट झाकून बसलेली. दर वेळी आणते, आणि परत नेते. माझ्या तोंडून "व्हय" निघेना. पुढे गेले आणि म्हटलं, "काशीबाय अडकित्त्याक गेललीच नाय. माझ्यामुळे गेली." आणि मग सगळंच. फासकी, डालगं, चिरा, कणगी. तुझं कामही सांगावं लागलं, गुरू. तुझी शपथ तुझ्याकडेच राहू दे.

कुणी ओरडलं नाही. परशुराम म्हणाला, "वरसभर गप्प कित्याक रवलंस?"

मी उत्तरं पाठ करून गेले होते. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, "लज दिसली."

"आणि आतां दिसणा नाय?"

"आतां जास्ती दिसता."

पुन्हा कौल लावला, देवानं उजवा दिला. काशीबायला आत बोलावलं, तिची ओटी घेतली. माझी घेतली नाही, यंदा तरी घेणार नाहीत. घेऊ नयेच. तुझ्या कामाचं ऐकून वाडीतली जानकी तेवढी फिसकन हसली. परशुराम तिला म्हणाला, "पोटासाठी करता तो, चोरी करणा नाय." ज्या गोष्टीसाठी आपण एका बाईला वर्षभर उन्हात पाण्याला पाठवलं, ती एवढीच होती.

येताना काशीबाय माझ्या बरोबरीनं चालत होती. पाणंदीला लागल्यावर म्हणाली, "अबोलो सोपलो तर आतां त्या अळसाण्याचा बोलूया. शेळी माझी नव्हती ती." मला हसू आलं आणि रडूही. चार वर्षं मी कुणाच्या तरी शेळीसाठी फुकट फुगून बसले होते.

आणि खरी बातमी पुढे आहे. मस्कती आला. तोच. डाव्या पायाला टीचभर दोरा. दहा दिवस झाले, गडग्याच्या कोपऱ्यावरच बसतो. काशीबाय त्याला "इलंस रे?" म्हणते, बाबांसारखं.

काल तुझ्या कचेरीतली दोन माणसं आली. तुझं नाव सांगितलं म्हणून चहा केला, वर घावणे केले. त्यांच्याकडे कॅनव्हासची लांबट पिशवी होती, दुर्बिणीची काठी असेल. त्यांना थेट गडगाच माहीत होता. पाखरू त्या वेळी सड्यावर होतं, तर काशीबाय गुडघे धरत त्यांच्यासोबत अर्ध्या घाटीपर्यंत गेली आणि कातळ दाखवून आली. कोण मुंबईहून आपलं पाखरू बघायला येतं म्हणून तिचा ऊर भरून आला होता. नंतर सड्याकडे एक बार ऐकू आला. जत्रेचे उरलेले फटाके पोरं अजून उडवतात.

आता तरी तुझे साहेब हसणार नाहीत. तुला कायम करतील असं मला वाटतं.

आनंदी

---

मुंबई
ता. १४ जानेवारी १९५९

आक्का,

हे पत्र एकटी असताना वाच.

त्या पिशवीत दुर्बिणीची काठी नव्हती. बारीक छऱ्यांची बंदूक होती. मला माहीत होतं. साहेबांना मी वाट नुसती सांगितली नव्हती, नकाशा काढून दिला होता. पाणंद, आपलं घर, काशीबायचा गडगा. मस्कती गडग्यावर बसतो हे मी तुझ्या मार्चच्या पत्रातून घेतलं. तुला लिहिलं की त्यांना बघायचं आहे. दुसऱ्यांदा.

माणसं परतली त्या दिवशीच मस्कती माझ्या टेबलावर आला. डाव्या पायाला दोरा आणि बाबांची गाठ. ती गाठ आता जगात आपल्या दोघांनाच येते. मी ती बोटांनी चाचपली. मग सुरी घेतली. आक्का, माझा हात थरथरेल असं मला वाटलं होतं. थरथरला नाही. साबण, कापूस, तार, सगळं नीट झालं. दोरा कापला आणि त्याच पायाला चिठ्ठी बांधली, आंबेवीर, तालुका मालवण. साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, इतकं सुबक काम तुझ्याच हातचं.

पहिल्या तारखेपासून मी कायम आहे. देवापुढे नारळ ठेव असं लिहिणार होतो. तुला वाटलं तर ठेव.

तुझं पत्र त्यानंतर आलं, ते मी रोज वाचतो. घावणे केले तेही वाचतो. गावात आता मी काय काम करतो ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाला काही वाटलं नाही. हे मला आधी कळतं तर मी वेगळा वागलो असतो का, ते मला सांगता येत नाही.

एवढं कर, काशीबायला कळू देऊ नको. तिनं वाट दाखवली. तिला सांग, यंदा लवकर गेला.

गुरू

---

आंबेवीर
ता. २ फेब्रुवारी १९५९

गुरू,

कायम झालास ते वाचलं. नारळ ठेवला नाही.

काशीबाय रोज सकाळी गडग्याच्या कोपऱ्यावर करवंटीत वाळवी ठेवते. संध्याकाळी मुंग्या झटकून करवंटी आत नेते. तिला वाटतं पाखरू माणसांना बघून बुजलं. "मीच त्येंका घेवन गेलंय गो," असं ती मला रोज म्हणते, आणि मी रोज शेंगा सोलते. तिला सांगायचं असं मी तुझं पत्र आलं त्या दिवशीच ठरवलं होतं. पदर खोचून गडग्यापर्यंत गेले. तिनं मला बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं.

वर्षभर गप्प का राहिलीस, असं परशुरामनं मला भर देवळात विचारलं होतं. त्याला मी मोठ्या तोंडानं उत्तर दिलं होतं.

काल तिनं सरळच विचारलं, "परतान येतलो मां गो तो?"

मी म्हटलं, "यंदा लवकर गेलो. मस्कतेक."

"मगे बरां," ती म्हणाली, आणि करवंटीतली वाळवी माझ्या कोंबड्यांना घातली.

आनंदी